कूस बदलली की बरं वाटतं का?

द्राक्षबागेत रोजंदारीनं जाणारी बाई सकाळी दहाची वेळ मागत नाही. दहाला ती मांडवाखाली असते, मान वर आणि दोन्ही हात डोक्याच्या वर. माझ्याकडे अशा बायका येतात त्या संध्याकाळी सहानंतर, घरी जाऊन चूल पेटवायच्या आधी. तासगावात इतकी वर्षं फिजिओथेरपीचा दवाखाना चालवल्यावर मला एवढं ठाऊक असायला हवं होतं. पण त्या आक्का कामाला ठेवलेल्या मुलीला म्हणाल्या, "मला सकाळची येळ दे बाई, सांजचं अंगात जरा कसर असती," आणि वहीत फक्त 'वेळ बदलली, सकाळी १०' एवढंच उतरलं. लिहिणारी मुलगी एकोणीस वर्षांची. वही रोज वाचणारी मी.

कसर म्हणजे थर्मामीटरवर दिसेल न दिसेल असा बारीक ताप. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून एक बाई सकाळी येऊ लागली, का, असं मला एकदाही वाटलं नाही. उलट सकाळी गर्दी कमी असते म्हणून बरंच वाटलं.

पाठ दुखत होती. खांद्याच्या फऱ्यांच्या खाली, झंपराच्या काठाच्या जरा वर. छाटणीचं काम, वय पन्नाशीच्या आसपास, मान वर करून आठ-आठ तास. कारण इतकं समोर होतं की मी दुसरं शोधलंच नाही. शेक दिला, आयएफटी लावली (दुखऱ्या जागी सौम्य वीजप्रवाह सोडायचा, तिला सगळे 'करंट'च म्हणतात), पाठीचे व्यायाम शिकवले. शेक घेतल्यावर आक्कांना तासभर मोकळं वाटायचं. तशा त्या सांगायच्याही, "घटकाभर लई बरं वाटतंय बगा." त्या घटकेवर मी तीन आठवडे काढले.

तिसऱ्या आठवड्यात त्या टेबलावर पालथ्या झोपल्या होत्या आणि पॅड लावताना मला झंपराला एका बाजूनं खोचलेली सेफ्टी पिन दिसली. चांगली चार बोटं कापड आत मुडपून पिन लावलेली.

"आक्का, नवा शिवला का? मोठा झाला वाटतं."

"न्हाई वो मॅडम, त्योच हाय. मीच वाळले."

मी मशीन बंद केलं. पहिल्या दिवशी विचारायचं ते मग विचारलं. रात्री झोप लागते का? नाही लागत. कूस बदलली की बरं वाटतं का? "कुठल्याबी कुशीवर तेवढंच." भूक? "जेवण जातंय कुठं." पाठीच्या कण्यावर मुठीनं हलकेच ठोकत खाली आले. एका मणक्यावर त्या कळवळून उठल्याच. तिथं बोटाला बारीकसा उंचवटाही लागला. तो उंचवटा तीन आठवड्यांत तयार झाला होता की पहिल्या दिवसापासून होता, हे मला आता कधीच कळणार नाही, कारण पहिल्या दिवशी मी तिथं बोट फिरवलंच नव्हतं.

मिरजेत एमआरआय झाला. दोन मणके आणि मधली चकती पोखरलेली, बाजूला पू साचलेला. मणक्याचा क्षय.

लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जननं १७७९ मध्ये या दुखण्याचं वर्णन लिहून ठेवलं. म्हणजे गोष्ट काही नवी नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे आणि हाडांत क्षय शिरतो तेव्हा त्याची सगळ्यांत आवडती जागा पाठीचा कणा असते. हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे, चांगल्या गुणांनी. पण परीक्षेत प्रश्नाच्या वरच 'मणक्याचा क्षय' असं छापलेलं असतं. आक्कांच्या पाठीवर छाटणी छापलेली होती.

नशीब एवढंच की मी मणक्यावर दाब देऊन तो 'मोकळा' करायच्या भानगडीत पडले नव्हते. दुसऱ्या आठवड्यात मनात आलं होतं. पोखरलेल्या मणक्यावर तसा दाब पडला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही दिवसा करते, रात्री करत नाही.

त्यानंतर तो कुशीचा प्रश्न माझ्याकडे पहिल्या दिवशीचा झाला. गुडघा दुखत असो की मान, आधी रात्रीचं विचारायचं. सांध्याचं, स्नायूचं दुखणं बोलूनचालून शिस्तीचं असतं. वाकलं की दुखतं, टेकलं की थांबतं. रात्री त्या अंगावर झोपलं तर जाग येते, कूस बदलली की परत डोळा लागतो. कशानं वाढतं आणि कशानं कमी होतं ते सापडलं की अर्धं काम झालं, मग त्याला वळणावर आणता येतं. पण टेबलावर मी माणसाला वाकवलं, वळवलं, ताणलं, दाबलं आणि दुखणं वाढलंही नाही की घटलंही नाही, तर ते माझ्या खात्यातलं नाही. ते आतून कुठून तरी येतंय. मूत्रपिंडातून, आतड्यातून, हाडाच्या गाभ्यातून. पित्ताशयाचं दुखणं उजव्या खांद्याच्या फऱ्यापाशी जाऊन बसतं आणि माणूस खांद्याला बाम चोळत राहतो.

या नियमालाही फाटे आहेतच. विशी-तिशीतला पोरगा सांगतो की पहाटे पाठ आखडून जाग येते, उठल्यावर तासभर लाकूड झाल्यासारखं वाटतं, आणि कामाला लागलं की सुटतं. विश्रांतीनं वाढणारं आणि हालचालीनं कमी होणारं दुखणं. हे उलट्या शिस्तीचं. त्याला व्यायाम मी शिकवीन, पण आधी संधिवाताच्या डॉक्टरांनी बघायला हवं. अशी पोरं पाच-पाच वर्षं 'गादी बदला' एवढ्या सल्ल्यावर फिरताना मी पाहिली आहेत.

आपल्या भाषेचं एक मला फार आवडतं. दुखण्याला तिच्याकडे इतके शब्द आहेत की नीट ऐकलं तर अर्धी तपासणी शब्दांतच होते. दिवसभर फवारणीचा पंप पाठीवर घेतलेल्या माणसाच्या पाठीला रग लागते. रग माझी. उसण भरते, तीही माझी. चमक निघते, लचक भरते, अवघडतं, आखडतं, सगळं माझ्याच टेबलावरचं. मुंग्या येतात म्हटलं की मी नस कुठं दबली ते बघायला लागते. ठणकतं म्हटलं की सावध होते. ठसठसतं म्हटलं की हात लावायच्या आधी तिथली उष्णता बघते, कारण ठसठसणारं पुष्कळदा पिकत असतं. कॉलेजात आम्हाला हे सगळं इंग्रजीतून शिकवलं आणि तिथं या सगळ्यांना मिळून एकच शब्द होता. वर शून्य ते दहा असा आकडा विचारायचा. इथं आकडा विचारला की आज्ज्या म्हणतात, "तुमीच घाला की कायतरी." मी घालत नाही. ठणकतं की ठसठसतं, ते मात्र त्यांच्याकडून वदवून घेते.

आमचा पेशा इथं रुजला तो पोलिओच्या पायांवर. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत केईएममध्ये देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, त्यामागे तेव्हाची पोलिओची साथ होती. त्या काळी रुग्ण डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच यायचा. निदान आधीच झालेलं असायचं, आम्ही पुढचं करायचं. आता माझ्याकडे दहातले सात जण थेट येतात, शेजारणीनं सांगितलं म्हणून. त्यांना आयुष्यात आधी कुणी तपासलेलं नसतं. म्हणजे मी शेवटची पायरी असायची ती पहिली झाले, आणि हे कुणी मला सांगितलं नाही, हळूहळू होत गेलं.

२०२५ च्या सप्टेंबरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं फिजिओथेरपिस्टनी नावामागं 'डॉ.' लावू नये असं पत्र काढलं आणि लगोलग मागंही घेतलं. आमच्या ग्रुपवर त्या दोन दिवसांत जेवढे मेसेज पडले तेवढे वर्षभरात पडले नसतील. मी त्यात बोलले नाही. पाटीवर काय आहे हे तासगावात कोण वाचतं? मला सगळे मॅडम म्हणतात आणि मी चुकले तर त्याचं दुखणं मॅडम म्हटल्यानं कमी होत नाही.

तात्यांची गोष्ट सांगायलाच हवी. गुडघ्यासाठी आले होते. सत्तरीचे, स्वतःची दोन एकर बाग, स्वतः ट्रॅक्टर चालवणारे. गुडघे तपासले, झिजलेले होतेच, व्यायाम दाखवले. जाताना उंबऱ्याबाहेर चप्पल घातली आणि पायऱ्या उतरून रस्त्यावर पोचले. मी सहज खिडकीतून बघत होते. उजव्या पायातली चप्पल दुसऱ्या पायरीवरच राहिली होती. तात्या अनवाणी एका पायानं मोटरसायकलपर्यंत गेले, किक मारायला पाय उचलला, तेव्हा त्यांना दिसलं.

चप्पल निसटणं ही आपल्याकडची तपासणी आहे, बूट घालणाऱ्या देशात ती जमणार नाही. चप्पल निसटली आणि लगेच कळलं तर पंजाची ताकद कमी झाली असेल. निसटली आणि कळलंच नाही, तर पायाकडून मेंदूकडे जाणारा निरोप वाटेतच कुठंतरी अडतोय. मी त्यांना हाक मारून परत बोलावलं. सदऱ्याची गुंडी काढा-घाला म्हटलं. बोटं चाचपडत होती. "हे कधीपासून?" तर म्हणाले, "वय झालं की मॅडम." मधल्या बोटाचं टोक टिचकी मारल्यासारखं खाली दाबून सोडलं तर अंगठा आपोआप आत वळला. मानेत मज्जारज्जू दबत होता. मान अजिबात दुखत नव्हती. गुडघ्याच्या व्यायामात आणखी सहा महिने गेले असते तर ते बहुधा आधाराशिवाय चालू शकले नसते. शस्त्रक्रिया झाली. गेलेलं सगळं परत आलं नाही, पण होतं ते राहिलं. आता मागं पट्टा असलेली सँडल घालतात आणि पट्टा सुनेनं लावलेला त्यांना आवडत नाही, स्वतःच लावतात, त्याला पाच मिनिटं लागतात. तोच त्यांचा व्यायाम.

काही प्रश्न विचारताना मला अजून अडखळायला होतं. कंबर दुखतेय, कळ दोन्ही पायांत उतरतेय, अशा पुरुषाला बाईनं विचारायचं की लघवीला कसं होतंय. तो भिंतीकडे बघत "बरं हाय" म्हणतो. पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाला नसांचा एक झुबका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून वैद्यकात त्याचं नावही तेच. सरकलेली चकती त्यावर आली की लघवी, शौच, मांड्यांच्या आतली जागा, सगळ्याचा ताबा सुटायला लागतो. तिथं तास मोजायचे असतात. उशीर झाला तर शस्त्रक्रिया होते पण ताबा परत येईलच असं नाही.

एक पिकअप चालवणारा तरुण होता, चौतीस-पस्तीसचा. प्रश्न विचारला तर "बरं हाय." मग मी वेगळ्या वाटेनं गेले.

"गाडीवर बसल्यावर सीट लागते का बुडाला?"

तो पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "न्हाई वो. दोन दिस झालं, कुणीतरी मधी गादी घातल्यागत वाटतंय."

बाहेर बसलेल्या बायकोनं मग सांगितलं की कालपासून लघवीला फार वेळ लागतोय, जोर करावा लागतोय. मी त्याला कपडे आणायलासुद्धा घरी जाऊ दिलं नाही. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. आज तो गाडी चालवतो. सीटचा प्रश्न मी तेव्हापासून सगळ्यांना विचारते, बायकांना स्कूटीचा.

पोटरीचं थोडक्यात. प्लॅस्टर काढल्यावर किंवा गुडघा बदलल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर चोळायचं नाही. लोक हट्ट धरतात, "जरा चोळून द्या की, मोकळं हुईल." आत रक्ताची गुठळी असली तर ती मोकळी होऊन फुप्फुसात जाईल. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली टेपनं दोन्ही पोटऱ्या मोजते. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर त्याच दिवशी डॉप्लर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी. फरक कमी असला तरी बाकीचं जुळत असेल तर पाठवतेच.

आणि तालमीत जाणारा चौदा वर्षांचा मुलगा, गुडघ्याच्या जरा वर सूज, रात्री रडायचा. कुस्तीत लागलं असेल म्हणून महिनाभर तेल लावून चोळलं होतं. त्याच्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही. वाढत्या वयाच्या मुलाचं गुडघ्याजवळचं हाड रात्रीही ठणकत असेल तर आधी एक्स-रे काढा, एवढंच.

हे सगळं वाचून वाटेल की मी येईल त्याला मिरजेला पाठवत असेन. तसं करून चालत नाही. ऑस्ट्रेलियात नव्यानं पाठ दुखायला लागलेल्या १,१७२ जणांचा एक अभ्यास २००९ मध्ये छापून आला. वर्षभर मागोवा घेतल्यावर गंभीर आजार निघाला फक्त ११ जणांत, त्यातही आठ जणांची हाडं मोडलेली होती. पण पुस्तकात दिलेल्या धोक्याच्या खुणांपैकी एखादी तरी सुमारे ८० टक्के लोकांत होती. म्हणजे खुणांची यादी भिंतीला लावून टिक करत बसलं तर दहातले आठ लोक एमआरआयच्या रांगेत. तासगावातून मिरजेला जाणं म्हणजे दोन माणसांची एक दिवसाची मजुरी, भाडं, तपासणीचे पाच-सात हजार, आणि घरी उरलेल्यांच्या पोटात गोळा. आपल्याकडे क्षय जास्त, म्हणून ऑस्ट्रेलियाचं गणित इथं जसंच्या तसं लागू नाही, पण एका खुणेवर धावू नये हे लागू आहेच. कसर एकटी असती तर काही नव्हतं. वाळणं एकटं असतं तर गरिबी होती. न बदलणारी कूस एकटी असती तर चिंता असेल. तिन्ही एकाच बाईत होत्या आणि मी त्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत एकत्र बघितल्याच नाहीत.

चुकीचं पाठवलंही आहे. एक बागायतदार, डावा खांदा आणि दंड भरून यायचा. खांदा फिरवला की थोडं दुखायचं, पण क्रेट घेऊन चढणीवर गेलं की जास्त. क्रेटमुळे की चढणीमुळे? मला ठरवता येईना. हात न हलवता नुसता जिना चढायला लावला, तर म्हणाले, "हाय बी आणि न्हाई बी." मी ईसीजीला पाठवलं, पुढं आणखी तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत. ते परत आले ते भांडायलाच. "मॅडम, घरात रडारड झाली हो." त्यांचं खरं होतं. मी माफी मागितली आणि खांद्याचे व्यायाम सुरू केले. उद्या असाच खांदा आला तर पुन्हा पाठवीन, हे त्यांना सांगितलं नाही.

चिठ्ठी लिहिणं ही वेगळीच कला आहे. सुरुवातीला मी निदान लिहायचे, 'क्षयाचा संशय', वगैरे. एका डॉक्टरांनी रुग्णासमोरच चिठ्ठी बाजूला सारली, म्हणाले, मालिश करणारेही आता निदान करायला लागले. राग आला, आठवडाभर पुरला. पण त्यातून शिकले. आता निदान लिहीत नाही, दिसलेलं लिहिते. 'तीन आठवडे, रात्री झोप नाही, कूस बदलून फरक नाही, दोन महिन्यांत पाच किलो वजन कमी, नवव्या-दहाव्या मणक्यावर ठोकल्यावर दुखतं, हालचालीनं दुखणं बदलत नाही.' अशी चिठ्ठी बाजूला सारणं कुणालाही अवघड जातं.

रुग्णाला सांगणं त्याहून अवघड. इकडे 'मिरजेला जाऊन या' हे वाक्य आजार मोठा असल्याचंच समजतात. १८९४ मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हापासून सव्वाशे वर्षं लोकांनी जगण्या-मरणाच्या वेळेला मिरज गाठली आहे, त्यामुळे त्या नावातच धसका आहे. आक्कांना मी तेव्हा म्हणाले होते, "आक्का, मी चुकले. हे माझं काम नव्हतं, मला उशिरा कळलं." त्या बराच वेळ झंपराची पिन चाचपत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे करंट बंद?"

गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाल्या, आणि आहारासाठी निक्षय या सरकारी योजनेचे तेव्हा महिन्याला ५०० रुपये (२०२४ च्या नोव्हेंबरपासून ते हजार झाले). पाठीला पट्टा लावून, दीड वर्ष. छाटणी सुटली. आता त्या बेदाण्याच्या शेडवर बसून बेदाणा निवडतात.

गेल्या हंगामात एका संध्याकाळी आक्का आल्या, बरोबर एक तरुण बाई. टोळीतली, विजापूरकडची, मराठी तुटक. आक्काच दुभाषी झाल्या. "मॅडम, हिची पाठ रातचं ठणकतीया. मी इचारलंय, कसर हाय का म्हून. न्हाई म्हणती. पर तुमचा त्यो कुशीचा परश्न तुमीच इचारा."

मी विचारला. आक्कांनी तो तिच्या भाषेत सांगितला. ती बाई जरा हसली, माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"म्हणती, सहाजणी झोपतो आमी त्या खोलीत. कूस बदलायला जागा कुठं हाय?"

मी पेन खाली ठेवलं आणि थर्मामीटर शोधायला ड्रॉवर उघडला.